घाटासाठी जाड अँटी-रोल बार: खरंच फरक पडतो का?

अभय_घाटमाथा (धागाकर्ता)

मंडळी, गाडीची माहिती आधी देतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी पट्टी) असलेली नेहमीची पेट्रोल हॅचबॅक. रिकामं वजन साधारण ९०० किलो, टायर १८५/६५ आर १५, धाव ६२ हजार किमी.

सपाट रस्त्यावर तक्रार नाही. घाटात मात्र दोन तक्रारी आहेत. एक, वळणात गाडी बरीच कलते. दोन, हेअरपिनला नाक बाहेर पळतं आणि स्टिअरिंग आणखी पिळावं लागतं. बाजारात दोन पर्याय मिळतात: पुढचा २२ मिमीचा मूळ अँटी-रोल बार (गाडीचं कलणं कमी करणारा आडवा दांडा) काढून २४ मिमीचा, किंवा मागच्या बीमला बोल्टने बसणारा जादा बार. विकणारे दोन्हींना 'हँडलिंग सुधारतं' एवढंच म्हणतात. सुधारतं म्हणजे नेमकं काय होतं? दोन्ही लावावेत, एकच लावावा, की पैसे दुसरीकडे घालावेत? राइड किती बिघडते? शक्य असेल तर आकड्यांसह सांगा.

सुहास_के

आधी टायर. रबर कडक झालं असेल तर बार लावून फक्त कुठलं टोक आधी घसरेल ते बदलेल.

वक्रगती

सुहास यांचंच म्हणणं जरा उलगडून सांगतो.

बार ही आडवी बसवलेली पिळाची स्प्रिंग. रस्ताभर पसरलेल्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा तो बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या रबरी आधारात) नुसता फिरतो, कसलाही विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की तो ओल्या टॉवेलासारखा पिळला जातो आणि विरोध करायला लागतो. वळणात बाहेरचं चाक दबतं, आतलं लोंबतं. बार हा फरक कमी करतो, म्हणून गाडी कमी कलते. ब्रेक मारल्यावर नाक दबतं त्याच्याशी बारचा काही संबंध नाही.

आता खरा मुद्दा. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार हे बारच्या हातात नसतं. ते ठरतं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर (ट्रॅक) आणि वळणाचा जोर यांवरून. चालक धरून १००० किलो, गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर, ट्रॅक १.४५ मीटर आणि वळण ०.५ जी (बाजूचा जोर वजनाच्या निम्मा) धरा: १००० × ०.५ × ०.५५ ÷ १.४५, म्हणजे साधारण १९० किलो. कुठलाही बार लावा, १९० किलो सरकणारच. त्यातले पुढच्या जोडीने किती पेलायचे आणि मागच्या जोडीने किती, एवढंच बार ठरवतो.

हे वाटप महत्त्वाचं का? टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत डाव्या-उजव्या भाराचा फरक जास्त, त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढचा बार कडक केला की पुढची पकड घटते आणि अंडरस्टिअर (नाक बाहेर पळणं) वाढतो. मागचा केला की मागची पकड घटते, आणि त्या तुलनेत पुढचं टोक जास्त चावतं.

अभय यांची दुसरी तक्रार नाक पळण्याची आहे. त्यावर पुढे २४ मिमीचा बार म्हणजे दुखणं वाढवणारं औषध.

मृणाल_जोग

पण २२ वरून २४ म्हणजे जाडी ९ टक्केच वाढली ना? एवढ्याने असा काय फरक पडणार?

वक्रगती

@मृणाल, भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २४ भागिले २२, त्याचा चौथा घात १.४२. म्हणजे ९ टक्के जाडीला ४२ टक्के कडकपणा. २० वरून २२ केलं तर ४६ टक्के.

मात्र 'रोल (कल) ४२ टक्क्यांनी कमी' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कल थोपवण्याचं काम स्प्रिंगाही करत असतात. उदाहरणादाखल संपूर्ण गाडीचा रोल-विरोध १०० धरा: पुढे ६०, मागे ४०. पुढच्या ६० पैकी २७ बारचे आणि उरलेले स्प्रिंगांचे. २७ चे ४२ टक्के म्हणजे ११. एकूण १०० चे १११ झाले. आधी ०.५ जीला ३ अंश कलणारी गाडी आता २.७ अंश कलेल. बस, इतकंच.

तेच ११ मागे टाकले तरी कल तेवढाच कमी होतो, पण वाटप उलट होतं. १९० किलोचा हिशोब असा (रोल सेंटरमार्गे, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्यातून थेट जाणारा भाग सोपेपणासाठी सोडला आहे):

आहे तशी गाडी: पुढे ११४, मागे ७६.
पुढे २४ मिमीचा बार: पुढे १२२, मागे ६८.
मागे जादा बार: पुढे १०३, मागे ८७.

डोळ्यांना दिसणारा कल दोन्हीकडे सारखाच कमी झाला, पण गाडीचा स्वभाव दोन विरुद्ध दिशांना गेला. 'बार लावल्यावर गाडी चिकटून चालते' हे ऐकलं की मी आधी विचारतो, कुठला बार?

प्रसन्न_वाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). ते ११४/७६ चं गणित पहिल्यांदाच कुणीतरी नीट मांडलं.

मेघना_ओहायो

वक्रगती, गणित मान्य, पण निष्कर्ष अर्धाच आहे. मॅकफर्सनमध्ये चाक वर जाताना ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) फार कमी मिळतो, बॉडी कलते त्यापेक्षा कमीच. त्यामुळे वळणात बाहेरचं पुढचं चाक रस्त्याच्या मानाने बाहेर झुकतं आणि टायर खांद्यावर चालतो. पुढचा बार कडक केला की कल कमी, म्हणून चाक सरळ, म्हणून टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला लागतो. कल जास्त आणि मूळ कॅम्बर शून्याच्या आसपास असेल, तर पुढचा बार लावून अंडरस्टिअर घटल्याची उदाहरणं आहेत.

इथे अमेरिकेत एससीसीए या मोटार-क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये (शंकू मांडून घेतलेली, वेळ मोजायची स्पर्धा) स्ट्रीट वर्गाला एकच बार बदलायची मुभा असते, पुढचा किंवा मागचा. स्ट्रटच्या गाड्यांवर पुढचा निवडणारेही असतात, ते याच कारणासाठी.

वक्रगती

तत्त्वतः मान्य. पण प्रमाण बघा. वरच्या उदाहरणात कल ०.३ अंशांनी घटला, म्हणजे कॅम्बरमध्ये फार तर तेवढाच फायदा. ऑटोक्रॉसला चिकट टायर, कोरडं डांबर आणि ०.९ जीच्या वरची वळणं असतात, तिथे कल दुप्पट असतो आणि टायरचा खांदा खरोखर सोलला जातो. घाटात सुज्ञपणे चालवणारा माणूस ०.३ ते ०.५ जीमध्ये असतो. कॅम्बरच हवा असेल तर स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकून साधारण एक-दीड अंश मिळतो, बारच्या कितीतरी पट स्वस्तात.

मेघना_ओहायो

घाटापुरतं सोडून देते :) कॅम्बर बोल्टबद्दल मात्र दोन सूचना. त्याचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून सांगितलेल्या टॉर्कला टॉर्क पान्यानेच आवळा. सैल राहिला तर खड्ड्यात कॅम्बर सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. दुसरं, कॅम्बर बदलला की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतोच. अलाइनमेंट न करता गाडी बाहेर काढली तर टायरची आतली कड बघता बघता संपते.

रिंगपाना

सगळे नव्या बारबद्दल बोलताहेत. ६२ हजार चाललेल्या गाडीत आहे तो बार काम करतोय का, हे आधी बघा.

बारचं टोक लिंकने स्ट्रटला जोडलेलं असतं. लिंकच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. रबरी टोपी फाटली की आत पाणी-माती जाते आणि बॉल खेळायला लागतो. लिंक सैल असेल तर कलाचा पहिला टप्पा बारशिवायच निघून जातो, मग एकदम बार लागतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी फार कलते. अशा गाडीला २४ मिमीचा बार लावला तरी तो सैलपणा तसाच राहणार.

तपासायची रीत:

गाडी चारही चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. चाकं लोंबकळत असतील तर लिंक ताणलेली राहते आणि खेळ लपतो. लिंक मुठीत धरून जोरात हलवा, टकटक बोटांना कळते. मग बारला डी-बुशच्या (बार गाडीला धरणारा डी-आकाराचा रबरी बुश) शेजारी टॉमी (लोखंडी पहार) लावून वर-खाली रेटा. बार आणि रबर यांत फट दिसली तर बुश गेले. तिथेच लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा आडवा हात) मागच्या बुशला भेगा आहेत का आणि खालच्या बॉल जॉइंटला खेळ आहे का ते बघून घ्या. लोअर आर्मचा बुश फाटला असेल तर वळणात चाकाचा टो आपोआप बदलतो आणि नाक पळाल्यासारखं वाटतं. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर विषय तिथेच संपला, आधी शॉकअप.

चालवताना ओळखायचं तर १५-२० च्या वेगात उखडलेल्या डांबरावर एका बाजूचा 'टक-टक' आवाज. मोठ्या गतिरोधकावर मात्र आवाज नाही, कारण तिथे बार पिळतच नाही. हे लक्षण असेल तर बहुतेक वेळा लिंकच निघते.

लिंक जोडीनेच बदला. बुशही दोन्ही.

सुहास_के

रिंगपाना यांच्या यादीत टायरची भर घालतो. साइडवॉलवर डॉट (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुनं आणि कडक झालेलं असू शकतं. आणि हवा थंड टायरमध्ये, दारावरच्या स्टिकरप्रमाणे.

निखिल_स्ट्रट

इंजिनावर दोन स्ट्रट जोडणारा तो चमकदार दांडा मिळतो, तो लावला तर हेच काम होतं ना?

वक्रगती

नाही. तो स्ट्रट ब्रेस. तो बॉडीचे दोन बुरूज एकमेकांना बांधतो, चाकांच्या हालचालीला जोडलेला नसतो. कलावर परिणाम शून्य. आजकालच्या मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या एकसंध) बॉडीत घाटाच्या वेगाला त्याचा फरक जाणवणंही कठीण.

प्राजक्ता_न

थोडा वेगळा प्रश्न. मागच्या सीटवर मुलांना घाटात उलट्या होतात. गाडी कमी कलली तर ते थांबेल का?

वक्रगती

फारसं नाही. मळमळ होते ती संथ, लांब हेलकाव्यांनी, पाच-सहा सेकंदांना एक अशा. घाटात तो हेलकावा बाजूच्या जोराचा असतो, आणि तो वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरतो. बार तो जोर बदलत नाही. ४० ऐवजी ३२ ने वळण घेतलं तर बाजूचा जोर जवळजवळ ३६ टक्क्यांनी कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात स्थिर पाय, आणि मुलांना समोरचा रस्ता दिसेल असं बसवणं याचा उपयोग कुठल्याही बारपेक्षा जास्त.

मृणाल_जोग

आणि मागच्या सीटवरचा चहा? :)

रिंगपाना

वळणावर कमी सांडेल, खड्ड्यावर जास्त. आणि खड्ड्याचं जरा गांभीर्याने घ्या. बार दोन चाकांना बांधतो. एक चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का बारमार्गे दुसऱ्या बाजूला पोचतो आणि बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. बार जितका कडक तितकं हे जास्त. साइडपट्टी खचलेल्या एकेरी रस्त्यांवर, जिथे डावी चाकं मातीत आणि उजवी डांबरावर असतात, तिथे हे सतत जाणवतं. सरळ महामार्गावर मात्र काहीही कळणार नाही.

जयेश_फोरबायफोर

अवांतर: म्हणूनच खडकाळ वाटेवर बार शत्रू असतो. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्याने खाली लोंबून जमीन धरायला हवी, आणि बार त्याला वर ओढतो. जीप रँग्लर रुबिकॉनला पुढचा बार बटणाने सोडायची सोय त्यासाठीच दिली आहे, वेग वाढला की तो परत जोडला जातो. टोयोटाची केडीएसएस ही यंत्रणा हायड्रॉलिकवर तसंच काम करते. काही जण साध्या गाडीत लिंक हाताने काढून ट्रेल करतात. त्यांना एकच सांगणं: सुटलेलं टोक तारेने घट्ट बांधा, नाहीतर ते ब्रेक होजवर घासतं. आणि डांबरावर यायच्या आधी लिंक परत लावाच.

दत्ता_पठार

उंच एसयूव्हीला जाड बार लावला की पलटी व्हायची भीती जाते असं गॅरेजवाले सांगतात. खरं का?

मेघना_ओहायो

हा समज धोकादायक आहे. गाडी सपाट रस्त्यावर पलटण्याची मर्यादा मुख्यतः ट्रॅक भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट या गुणोत्तरावर असते. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी रस्तासुरक्षा संस्था रोलओव्हरचे (पलटण्याच्या धोक्याचे) तारे देताना हेच गुणोत्तर वापरते. ट्रॅक १.५ मीटर आणि उंची ०.७ असेल तर १.०७. वर सांगितलेल्या हॅचबॅकचं १.३२ येतं. बारमुळे कल घटतो आणि गुरुत्वमध्य बाहेर सरकायचा थोडा कमी होतो, इतकाच फायदा. धोका असा की कल हीच चालकाला मिळणारी सूचना असते. ती कमी झाली की माणूस वेग वाढवतो, पण मर्यादा जवळजवळ तिथेच असते. टपावर सामान बांधून उंची वाढवली तर बार काहीच वाचवत नाही.

दत्ता_पठार

धन्यवाद. टपावरचा कॅरिअर आधी उतरवतो मग.

अभय_घाटमाथा

सगळे प्रतिसाद वाचले, खूप उपयोगी. पुढचा २४ मिमी यादीतून काढला. मागच्या बीमवर जादा बार बसवताना काय काय बघायचं?

रिंगपाना

टॉर्शन बीम स्वतःच एक बार आहे. दोन मागचे आर्म आणि त्यांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी पट्टी. पुष्कळ बीमच्या खोबणीत कंपनीनेच एक सळई वेल्ड केलेली असते. जादा बार दोन आर्मना स्प्रिंगच्या बशीजवळ प्लेट आणि यू-बोल्टने जोडला जातो. त्यात लिंक नाहीत, फिरणारे बुश नाहीत, म्हणून घट्ट बसला तर आवाजही नाही.

चुका होतात त्या अशा. बीमला भोक पाडणं किंवा ब्रॅकेट वेल्ड करणं: अजिबात नको. बीम हजारो वेळा पिळला जातो, भोकाच्या कडेला किंवा वेल्डच्या शेजारी तडा जातो. क्लँपखालचा रंग खरवडला जाऊन तिथे गंज धरतो, म्हणून आधी साफ करून रंगाचा हात द्या. हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर, तिन्ही बारपासून बोटभर दूर हवीत, आणि तेही चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना. गाडी रॅम्पवर चाकं लोंबत असताना सगळं मोकळं दिसतं. मग एका चाकाखाली जॅक लावून ते वर दाबा आणि परत बघा, सायलेन्सरसकट. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, ढिले न होणारे) आणि नवे. दोन-तीनशे किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासा, क्लँप बसतो आणि ढिला होतो.

संदीप_कोल्हापूर

फॅब्रिकेशनवाल्याकडून १८-२० मिमीची सळई वाकवून घेतली तर? निम्म्यात काम होईल.

वक्रगती

इथेच बरेच जण फसतात, कारण सुरुवातीला ते काम छान चालतं. सगळ्या पोलादांचा पिळाचा गुणांक जवळजवळ सारखाच, ८० गिगापास्कलच्या आसपास. त्यामुळे साध्या माइल्ड स्टीलची सळई पहिल्या दिवशी स्प्रिंग स्टीलइतकीच कडक असते. फरक सोसण्याच्या मर्यादेत आहे. स्प्रिंग स्टील उष्णोपचार केलेलं असतं, पिळून परत सरळ होतं. माइल्ड स्टील एखाद्या मोठ्या खड्ड्यात मर्यादा ओलांडतं आणि पिळलेलंच राहतं. मग गाडी उभी असतानाच एका कोपऱ्याला दाबत राहते. आणि स्प्रिंग स्टीलच्या बारला टोकाशी ब्रॅकेट वेल्ड केलं तर वेल्डच्या बाजूचा पट्टा ठिसूळ होतो, बार तिथेच तुटतो.

जाता जाता, पोकळ बार दिसला म्हणून कमअस्सल समजू नका. बाहेरून २५ मिमी आणि भिंत ४ मिमी असेल तर भरीव २५ च्या ७९ टक्के कडकपणा आणि वजन फक्त ५४ टक्के.

अ_कायदेशीर_शंका

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल लक्षात असू द्या. निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल हा वादाचा विषय होऊ शकतो. विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

सुहास_के

याला धरून एक मार्ग. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये त्याच मॉडेलच्या इतर आवृत्त्यांचे बार नंबर बघा. वजनदार इंजिनाच्या किंवा वरच्या व्हेरिअंटला कधी कधी वेगळ्या जाडीचा बार असतो आणि बसायची जागा तीच. पण त्या जाडीचे डी-बुशही सोबत घ्यावे लागतात.

प्रसन्न_वाई

मागचा बार लावल्यावर पावसात काय?

वक्रगती

हा या धाग्यातला सगळ्यात गंभीर प्रश्न. मागची पकड घटवून आपण गाडी तटस्थ केली. कोरड्या रस्त्यावर ते आवडतं. जुलैत ताम्हिणीत, ओल्या पाल्यापाचोळ्यावर, उतारावर वळणात घाबरून अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर भार पुढे जातो, मागचं हलकं होतं आणि मागची बाजू बाहेर निघते. अंडरस्टिअरमध्ये माणूस आपोआप वेग कमी करतो आणि गाडी सावरते. ओव्हरस्टिअरला (मागची बाजू बाहेर निघण्याला) उलट स्टिअरिंग लागतं, आणि ते सवयीशिवाय जमत नाही. निर्माते कौटुंबिक गाडीत अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतात. गाडीत ईएससी (घसरताना चाकांना वेगवेगळे ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा) नसेल तर मागचा बार मी सुचवणार नाही. असेल तरी चांगले टायर मागेच ठेवा, आणि बार भोकं बदलून कमी-जास्त करता येणारा असेल तर सर्वांत मऊ भोकापासून सुरुवात करा. टोकाचा दांडा २५० मिमीवरून २३० केला तरी कडकपणा १८ टक्क्यांनी वाढतो.

पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर मागचे टायर आधीच ताणलेले असतात, तेव्हा हा परिणाम आणखी लवकर येतो.

आणखी एक मर्यादा. तीव्र हेअरपिनला मागचं आतलं चाक उचललं गेलं की मागचा बार त्यापुढे काही करू शकत नाही, उरलेला सगळा भार पुढच्या जोडीवर पडतो. म्हणजे अति कडक बार लावून नेमक्या हेअरपिनलाच नाक परत पळतं.

मेघना_ओहायो

पूर्ण सहमत. खर्च करण्याआधी फुकटची चाचणी करा. कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या टायरमध्ये २-३ पीएसआय हवा वाढवा, साइडवॉलवरच्या कमाल मर्यादेच्या आत. नाक पळणं थोडं कमी होतं. मागच्या बारने गाडी कुठल्या दिशेला जाईल त्याची चव कळते. आवडलं नाही तर हवा परत स्टिकरवर. पावसात हा प्रयोग करू नका.

अभय_घाटमाथा

रॅम्पवर बघून झालं. उजव्या लिंकच्या वरच्या बॉलची टोपी फाटलेली, हाताने स्पष्ट खेळ. डाव्या बाजूला डी-बुश आणि बार यांत नखभर फट. शॉकअप कोरडे, लोअर आर्म ठीक. टायर २०१८ चे. अलाइनमेंटला पुढे टो-आउट (चाकं पुढून बाहेर वळलेली) निघाला.

रिंगपाना

मग बारची चर्चा थांबवा. क्रम असा: लिंक जोडी, डी-बुश जोडी, टायर, शेवटी अलाइनमेंट.

लिंक काढताना दोन्ही पुढची चाकं एकदम उचला आणि स्टँडवर टेका. एकच चाक उचललं तर बार पिळलेला असतो, नट सुटताच लिंक झटका देते. नट फिरवताना बॉलचा दांडाही फिरतो. दांड्याच्या टोकाला एलन किंवा टॉर्क्सची खाच असते, ती धरून रिंग पान्याने नट सोडा. नव्या लिंकवर इम्पॅक्ट गन चालवू नका, टोपी पिळून फाटते. काही गाड्यांत डी-बुशपर्यंत पोचायला सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) खाली घ्यावी लागते. तशी असेल तर सबफ्रेमची जागा आधी खुणा करून ठेवा आणि स्टिअरिंग व्हील सरळ बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळी केबल तुटते.

वक्रगती

आणि हे झाल्यावर मोजूनच ठरवा. मोकळं, परवानगी असलेलं मैदान, ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ, स्टिअरिंगवर वरच्या मध्यावर पट्टी. ३४ च्या वेगाला ०.३ जी, ४४ ला ०.५ जी. वर्तुळ तेच ठेवून ३४ वरून ४४ ला जाताना स्टिअरिंग किती जास्त फिरवावं लागतं ते पट्टीवरून बघा. समोर कुणी उभं राहून फोनने फोटो काढला तर कलाचा कोनही मोजता येतो. डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही करा, कारण फरक आला तर अजून काहीतरी सैल आहे. वाढ किरकोळ असेल तर मागच्या बारची गरज नाही. बरीच असेल आणि टायर नवे असतील, तर मागचा मऊ बार विचारात घ्या.

अभय_घाटमाथा

असंच करतो. बुश रबरचे घेऊ की पॉलीयुरेथेनचे? आणि बार २२ चा आहे हे नक्की कुठे मोजायचं?

रिंगपाना

रोजच्या गाडीला रबर. पॉली कडक असतो, बार लवकर लागतो, पण ग्रीस सुकलं की पावसाळा संपताच कुरकुर सुरू होते आणि काढून पुन्हा सिलिकोन ग्रीस लावावं लागतं. रबरी बुशला साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

जाडी बुशच्या जागेच्या शेजारी, माती पुसून, व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. वाकाजवळ मोजू नका, तिथे बार किंचित चपटा असतो. रंगाच्या थरामुळे २२.३ वगैरे दिसेल, तो २२ च. बुशवर आतला व्यास छापलेला असतो. तो जुळला नाही तर क्लँप आवळताना बुश फुगतो किंवा फट तशीच राहते. बुशची चीर कुठल्या बाजूला आहे ते जुना काढायच्या आधी फोटोत घ्या आणि नवा तसाच बसवा.

अभय_घाटमाथा

फोटो काढून ठेवलाय, चीर पुढच्या बाजूला आहे. लिंक आणि बुश मागवले. मैदानावरचे आकडे याच धाग्यात टाकतो.